तू कुणाची?

माझी आजी संगमेश्वरकडची. सुट्टीत तिच्याकडे गेले की वाटेत भेटणारी प्रत्येक म्हातारी मला थांबवायची. "कुणाची गं तू?" माझं नाव कुणालाच नको असायचं. घर कुठलं, वाडी कुठली, नात कुणाची, एवढं कळलं की मग हातावर पेरू नाहीतर गुळाचा खडा.

हा प्रश्न पुन्हा कानावर पडला तो २०१० च्या मार्चमध्ये, मेलबर्नला. घर दाखवणाऱ्या एजंटने विचारला, बँकेतल्या मुलीने विचारला, दातांच्या डॉक्टरने तर मी आ वासून पडलेली असताना विचारला. इथल्या बोलीत एखाद्या क्लबचं पाठीराखं असण्याला 'बॅरॅक' करणं म्हणतात. तू कुणासाठी बॅरॅक करतेस? मी पडले दादरची. क्रिकेट सोडून दुसऱ्या कुठल्या खेळात हा प्रश्न निघू शकतो हेच मला ठाऊक नव्हतं. "कुणासाठीच नाही" म्हटलं की समोरचा माणूस असा बघायचा, जसं काही मी 'मला आडनावच नाही' म्हणाले.

खेळाचं नाव ऑस्ट्रेलियन रूल्स, लाडाने 'फूटी'. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. चेंडूही लंबगोल. एका बाजूला अठरा खेळाडू, चार क्वार्टर, आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथ मारली तर गोल, सहा गुण. नेम चुकून चेंडू मधल्या आणि कडेच्या खांबाच्या मधून गेला तर 'बिहाइंड', त्याचाही एक गुण. चुकल्याबद्दल गुण देणारा खेळ मी पहिल्यांदाच बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला त्यातलं सगळ्यात आधी आवडलं ते हेच. सेंट किल्डा नावाच्या क्लबने आजवर एकदाच विजेतेपद मिळवलंय, १९६६ साली, एका गुणाने, तोही एका बिहाइंडने. म्हणजे नेम चुकला म्हणून.

माझा क्लब मी निवडला नाही, तो भाड्याबरोबर आला. आम्हाला परवडणारं घर रिचमंडमध्ये मिळालं, एका लाकडी घराच्या मागच्या बाजूला. पुढच्या भागात एक बाई राहायची, तेव्हा सत्तरीची. तिला मी मनातल्या मनात आजीच म्हणते, इथेही तेच म्हणते. पहिल्या शनिवारी तिने माझ्या गळ्यात पिवळा-काळा मफलर घातला. "इथे राहतेस, म्हणजे तू टायगर." टायगर म्हणजे रिचमंड क्लबचा माणूस. नवऱ्याची नोकरी कार्लटन भागात. तिथल्या क्लबचा रंग निळा, आणि त्याच्या ऑफिसात त्याच आठवड्यात त्याचा निळा बाप्तिस्मा झाला. अशा रीतीने आमच्या घरात दोन गोत्रं आली.

आजीच्या क्लबची तेव्हाची स्थिती अशी: शेवटचं विजेतेपद १९८० चं. त्या दिवशी कॉलिंगवूडला ८१ गुणांनी धुतलं होतं. त्यानंतर काहीच नाही. नाही कसं, १९९० साली दिवाळखोरी दाराशी आली होती. दहा लाख डॉलर जमले नाहीत तर क्लब बंद, अशी वेळ. 'सेव्ह अवर स्किन्स' म्हणून मोहीम निघाली आणि आजी ब्रिज रोडवर डबा खुळखुळवत उभी राहिली. पैसे जमले. विजेतेपद मात्र आलं नाही. अंतिम फेऱ्यांसाठी पहिले आठ संघ घेतात, आणि रिचमंड इतक्या वेळा नवव्या जागेवर राहिला की गावाने त्याचं नाव 'नाइन्थमंड' ठेवलं. वैतागलेले पाठीराखे आपलं मेंबरशिप कार्ड मायक्रोवेव्हमध्ये भाजून क्लबला परत पाठवतात, हा किस्सा इथे म्हणीसारखा वापरतात. आजीला विचारलं, तू कधी भाजलंस का? ती म्हणाली, "छे. भाजलेलं कार्ड गेटवर स्कॅन कसं होणार?"

त्या एका वाक्यावर मी बरीच वर्षं विचार करते आहे.

माझ्या पहिल्या हंगामात नवा प्रशिक्षक होता, डेमियन हार्डविक. पहिले नऊच्या नऊ सामने हरला. त्याच वर्षी क्लबचा मुख्य अधिकारी ब्रेंडन गेल याने जाहीर केलं की २०२० पर्यंत तीन विजेतेपदं, ७५ हजार सभासद आणि कर्ज शून्य. मेलबर्नभर हसू पिकलं. माझा नवरा तर जेवता जेवता मध्येच हसायचा. आजी हसली नाही, पण डोळे मिटून मान हलवत राहिली. घरातल्या पोराने 'मी आयएएस होणार' म्हटल्यावर कर्जबाजारी बापाने हलवावी तशी.

एक गणित सांगते, कारण त्याशिवाय इथल्या लोकांचं दुखणं कळत नाही. युरोपातल्या फुटबॉलसारखं इथे श्रीमंत क्लबाला खेळाडू विकत घेऊन गब्बर होता येत नाही. १९८० च्या दशकापासून पगारावर मर्यादा आहे आणि ड्राफ्ट आहे: शेवटच्या नंबरावर आलेल्याला नव्या पोरांमधून पहिली निवड. आता अठरा क्लब आहेत. नियमांनी सगळ्यांना खरंच सारखं केलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला अठरा वर्षांतून एक फ्लॅग येतो. विजेतेपदाला इथे फ्लॅगच म्हणतात. अठरा वर्षं! शिवाय ड्राफ्टमधलं अठराचं पोर अंगापिंडाने भरून चांगलं खेळायला लागेपर्यंत चार-पाच वर्षं जातात. पाठीराख्याचा संयम मात्र साधारण जूनपर्यंत. हंगाम मार्चमध्ये सुरू होतो.

यातून क्लबांना एक मोह होतो. उद्याची पोरं देऊन टाकायची आणि आज खेळणारा तिशीतला गडी आणायचा. किंवा त्याहून स्वस्त उपाय: प्रशिक्षक काढायचा. प्रशिक्षक काढला की दोन महिने घोषणा थांबतात.

कार्लटनचं उदाहरण मी देणारच, घरातला हिशेब आहे तो. निळ्यांची १६ विजेतेपदं. शेवटचं १९९५ चं. कार्लटन कधी तळाला जात नाही, असा त्यांचा एक श्लोकच होता. २००२ साली ते तळाला गेले, 'वुडन स्पून' पदरी पडला, आणि त्याच वर्षी पगारमर्यादेची लबाडी उघडकीस येऊन ड्राफ्टमधल्या निवडीही हातच्या गेल्या. रिचमंडचे लोक क्लबकडे उधारी मागायला यावं तसे यायचे. कार्लटनचे लोक वसुलीला आल्यासारखे येतात. फ्लॅग त्यांचं येणं आहे, मधल्या कुणीतरी खाल्लंय, तो माणूस शोधा! म्हणून दुसऱ्या क्लबात दोन विजेतेपदं जिंकलेला प्रशिक्षक डेनिस पेगन आणला, २००७ मध्ये काढला. ब्रेट रॅटनला करार शिल्लक असताना २०१२ मध्ये काढला, कारण मिक माल्टहाउससारखा मोठा माणूस मिळत होता. माल्टहाउसने २०१५ मध्ये सर्वाधिक सामन्यांचा विक्रम आपल्या नावावर केला आणि त्यानंतर महिनाभरात त्यालाही घरी पाठवलं. मग ब्रेंडन बोल्टन, गेला २०१९ मध्ये. त्याच्या जागी तात्पुरता आलेला डेव्हिड टीग काही सामने जिंकला तर निळी गर्दी त्याच्या प्रेमात पडली, त्यालाच कायम करा म्हणून हाकाटी झाली, आणि त्याला कायम केलं. २०२१ मध्ये त्यालाही निरोप. आमचे हे दर वेळी म्हणायचे, "या वेळी योग्य माणूस मिळालाय." गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला नवरा मी रोज बघत होते, दोन्ही अर्थांनी.

त्याला फार हसू शकत नाही, कारण माझे बाबा. मुंबईने २०१५-१६ मध्ये रणजी करंडक जिंकला आणि पुढचा थेट २०२३-२४ मध्ये. मधली आठ वर्षं बाबांनी सुतक पाळल्यासारखी काढली. मधल्या काळात विदर्भ पहिल्यांदा जिंकला तेव्हा नागपूरची मैत्रीण फोनवर हुंदके देत होती आणि इकडे बाबा म्हणत होते, "आपली बॅटिंग बिघडलीये." करंडक एकच. कुणासाठी तो दिवाळी असतो, कुणासाठी फक्त थकलेला हप्ता.

पण रिचमंडचं दुखणं वेगळं होतं, आणि ते मला कळलं २०१३ च्या सप्टेंबरात. बारा वर्षांनी संघ अंतिम फेऱ्यांत पोचला, पाचव्या जागेवरून. एसेंडन क्लबला उत्तेजक औषधांच्या प्रकरणात बाहेर काढल्यामुळे नवव्या नंबरचा संघ आत आला, आणि तो निघाला कार्लटन. म्हणजे आयुष्यभर नववे राहिल्याबद्दल चेष्टा सोसलेल्या क्लबासमोर नववा संघ. आम्ही तिघं एमसीजीवर गेलो, घरापासून चालत. ९४ हजारांहून जास्त माणसं. अर्ध्या सामन्यापर्यंत आपण पुढे. मध्यंतरानंतर कार्लटनने एक गोल केला, मग आणखी एक. आणि मी आयुष्यात ऐकली नाही अशी गोष्ट ऐकली: हजारो माणसं एकदम गप्प झाल्याचा आवाज. अजून आपणच पुढे होतो, तरी. आजीने मफलर तोंडावर धरला आणि पुटपुटली, "आलं." काय आलं ते मी विचारलं नाही. वीस गुणांनी हरलो.

अपेक्षा म्हटलं की आपल्याला जिंकण्याचीच आठवते. हरण्याचीही अपेक्षा असते आणि ती जास्त पक्की असते. खेळाडूंना कान असतात. मैदान गप्प झालं की त्यांनाही कळतं की वर बसलेल्यांना काय वाटतंय. कॉलिंगवूडच्या वाट्याला हे आणखी क्रूरपणे आलं. १९५८ ते १९९० या काळात ते आठ अंतिम सामने हरले, एक बरोबरीत सुटलेला वेगळाच. १९७० साली १ लाख २१ हजारांच्या गर्दीपुढे मध्यंतराला ४४ गुणांनी पुढे होते आणि तरी कार्लटनकडून हरले. या आजाराला गावाने नाव दिलं, 'कॉलीवॉबल्स'. आणि आजाराला एकदा नाव मिळालं की तो पुढच्या पिढीला आपोआप होतो. ज्या पोरांचा १९७० मध्ये जन्मही झाला नव्हता, त्यांच्याही पोटात गोळा यायचा.

२०१४ आणि २०१५ मध्येही रिचमंड पहिल्याच फेरीत गारद. मग आलं २०१६. तेरावा नंबर, आणि शेवटचा सामना सिडनीविरुद्ध ११३ गुणांनी हरलेला. हार्डविकचा करार हंगामाच्या सुरुवातीलाच वाढवून दिलेला, त्यामुळे लोकांचा आणखी तिळपापड. आजीचं मत स्वच्छ होतं: सात वर्षं पुरे झाली, हाकला त्याला. 'फोकस ऑन फूटी' नावाचा एक गट मंडळच उलथवायला निघाला. हे नुसतं बोलणं नव्हतं, कारण इथले जुने क्लब कुणा शेठजीचे नाहीत, सभासदांचे आहेत. सभासद मत देऊ शकतो, मंडळ पाडू शकतो. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याचं राजकारण ज्याला कळतं, त्याला फूटी क्लबची निवडणूक समजावून सांगावी लागत नाही.

अध्यक्ष होत्या पेगी ओनील, अमेरिकेत जन्मलेल्या वकील, या लीगमधल्या क्लबच्या पहिल्या महिला अध्यक्ष. मंडळाने कामाची बाहेरच्या लोकांकडून तपासणी करून घेतली, हार्डविकच्या आजूबाजूची माणसं बदलली, १९७० च्या दशकात रिचमंडसाठीच विजेतेपदं जिंकलेल्या नील बामला व्यवस्थापक म्हणून आणलं. हार्डविकला हात लावला नाही. बंड विरून गेलं. आजी मंडळावर इतकी चिडली की तिने मेंबरशिपचं नूतनीकरण पहिल्याच दिवशी केलं. "का?" मी विचारलं. "चिडले आहे म्हणून सोडायचं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात खरोखरच आश्चर्य होतं.

इथे मला ते भाजलेलं कार्ड पुन्हा आठवलं. पाठीराख्याची जीभ आणि खिसा ही दोन वेगळी माणसं आहेत. जीभ सोमवारी प्रशिक्षकाचा राजीनामा मागते. खिसा १९९० मध्ये डबा खुळखुळवतो आणि २०११ मध्ये क्लबने कर्ज फेडायला पुन्हा हात पसरला तेव्हाही पैसे काढून देतो. तेराव्या नंबराच्या त्या वर्षीही रिचमंडचे ७२ हजारांवर सभासद होते. पेगी ओनीलच्या मंडळाने जिभेचं ऐकलं नाही, असं लोक म्हणतात. माझ्या मते त्यांनी खिशाचं ऐकलं. ७२ हजार माणसं कुठे जात नाहीयेत, ओरडू देत. दुसऱ्या कुठल्या धंद्यात एवढा भरवशाचा उधारी देणारा मिळतो? कार्लटनच्या मंडळाकडेही असेच लोक होते. त्यांना फक्त ओरडा ऐकू आला.

हॉथॉर्नचं मोजक्यात सांगते. १९९६ साली त्यांचं मेलबर्न क्लबात विलीनीकरण ठरत होतं, पैसे संपले होते म्हणून. मेलबर्नच्या सभासदांनी हो म्हटलं, हॉथॉर्नच्यांनी नाही म्हटलं, आणि बेत बारगळला. पुढे हॉथॉर्नने २००८ मध्ये आणि मग २०१३ ते २०१५ लागोपाठ तीन, असे चार फ्लॅग जिंकले. हो म्हणणाऱ्या मेलबर्नला थांबावं लागलं २०२१ पर्यंत, १९६४ नंतर थेट. यात कारण आणि परिणाम जोडणं सोपं आहे, मी जोडत नाही. पण ज्या रात्री सभासद सभागृहात नाही म्हणून ओरडले, त्या रात्रीनंतर त्या क्लबात काम करणाऱ्याला आपण कुणासाठी काम करतोय हे विचारावं लागलं नसणार.

२०१७ च्या सुरुवातीला रिचमंडच्या खेळाडूंनी एक प्रकार सुरू केला. एकेकाने सगळ्यांसमोर उभं राहून आपला आदर्श कोण, आपल्यावर गुदरलेली वाईट गोष्ट कोणती आणि आनंदाची कोणती, एवढं सांगायचं. कप्तान ट्रेंट कॉचिन, जो तोवर परिपूर्ण कप्तान होण्याच्या नादात आक्रसून गेला होता, तो मोकळा झाला. हे ऐकून माझ्यातली दादरकर थोडी हसली, कबूल करते. पण विचार करा: सदतीस वर्षांचं ओझं वर बसलेल्यांचं होतं, खाली खेळणाऱ्या पोरांचं नव्हतंच. त्यांच्यापैकी कुणी १९८० बघितलं नव्हतं. त्यांना स्वतःची गोष्ट परत मिळाली, एवढं पुरलं असावं. शिवाय डस्टिन मार्टिन नावाचा माणूस त्या वर्षी माणसासारखा खेळतच नव्हता, तेही आहेच.

३० सप्टेंबर २०१७, अंतिम सामना. आजीला ड्रॉमध्ये तिकीट लागलं नाही, म्हणून आम्ही तिच्या टीव्हीसमोर. खिडक्या उघड्या, कारण एमसीजीचा आवाज टीव्हीच्या आधी घरात येतो. प्रक्षेपणाला क्षणभर उशीर असतो. त्यामुळे प्रत्येक गोल आम्ही आधी ऐकला आणि मग पाहिला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही ॲडलेडच्या बरेच पुढे होतो आणि तरी आजी गप्प. ४८ गुणांनी जिंकलो, १०८ विरुद्ध ६०. भोंगा वाजला तेव्हा ती उठली, स्वयंपाकघरात गेली, किटली लावली. मी मागे गेले तर ओट्याला धरून उभी होती. "मी तर त्याला हाकलायला सांगितलं होतं," ती म्हणाली. नवरा कार्लटनचा, तरी त्यालाच जास्त भरून आलं. संध्याकाळी स्वान स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नव्हती. ट्राम बंद, लोक विजेच्या खांबांवर. एक म्हातारा फुटपाथवर बसून फोनवर कुणालातरी तेच तेच सांगत होता की आपण जिंकलो, बाबा असते तर.

पुढच्या वर्षी सभासद एक लाखाच्या वर गेले. २०१९ मध्ये दुसरा फ्लॅग. २०२० मध्ये तिसरा, तोही ब्रिस्बेनला, कारण मेलबर्न कोविडने कुलूपबंद होतं. आजीने तो एकटीने पाहिला आणि आम्ही कुंपणापलीकडून ओरडून एकमेकींना स्कोर सांगितला. गेलचा आराखडा, ज्यावर गाव हसलं होतं, अक्षरशः तारखेसकट पुरा झाला.

आणि मग गंमत झाली. आजी वसुलीला यायला लागली. २०२३ मध्ये हार्डविक मध्येच सोडून गेला तेव्हा ती म्हणाली, "तीन दिले म्हणून काय झालं, चौथा अर्धवट टाकून जातात का?" मी तिच्याकडे बघत राहिले. हीच ती बाई, नवव्या नंबराची सवय झालेली. पोट भरल्यावर माणसाची भूक बदलते, कमी होत नाही. त्याच वर्षी कार्लटन मात्र शहाण्यासारखं वागलं. हंगामाच्या मध्याला १५ वा नंबर, प्रशिक्षक मायकेल वॉसला काढा म्हणून गिल्ला, आणि या खेपेला मंडळ जागचं हललं नाही. लागोपाठ नऊ सामने जिंकून निळे उपांत्य सामन्यापर्यंत गेले. नवऱ्याने आठवडाभर कुणाचीच निंदा केली नाही. घर सुनंसुनं वाटत होतं.

२०२४ मध्ये रिचमंड अख्ख्या हंगामात दोन सामने जिंकला आणि तळाला गेला. मार्टिन निवृत्त झाला. ड्राफ्टमधली पहिली निवड आली, नवी मूठभर पोरं आली, चार-पाच वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू झालं. आजी आता पंच्याऐंशीची आहे. घड्याळाचं तिला सांगावं असं मला वाटलं नाही, तिला माझ्याहून चांगलं कळतं.

तिचा नवरा मूळचा टास्मानियातला, वारून वीस वर्षं झाली. टास्मानियाला आता स्वतःचा क्लब मिळतोय, एकोणिसावा. २०२४ मध्ये त्यांनी नाव आणि रंग जाहीर केले आणि दहा डॉलरला संस्थापक सभासदत्व काढलं. जेमतेम पावणेसहा लाख वस्तीचं बेट, आणि दोन लाखांवर लोकांनी नोंदणी केली. तेव्हा ना एक खेळाडू, ना स्टेडियम. स्टेडियमवरून तर तिथली राजकारणी मंडळी एकमेकांचे गळे धरत होती. हा क्लब उभा करायला पहिला मुख्य अधिकारी म्हणून गेला कोण, तर तोच ब्रेंडन गेल. तोही मूळचा तिथलाच.

आजीच्या फ्रिजवर परवा मला दोन कार्डं दिसली. एक पिवळं-काळं, कडा झिजलेली. दुसरं कोरं करकरीत, हिरवं. "तू कुणाची मग आता?" मी विचारलं. तिने चहात दूध घातलं, ढवळलं. टायगरच, हे काय विचारणं झालं. हे दुसरं तिच्या नवऱ्याच्या नावाने घेतलंय. आणि मग एकही सामना न खेळलेल्या त्या क्लबाचा प्रशिक्षक कोण असू नये, याची यादी ती मला सांगायला लागली.